उघडी राहिलेली चौकट

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला, तेव्हा इसक्कीमुत्तू डब्यातला लिंबूभात चमच्याने नुसताच चिवडत होता. फोन डॉक्टर आवुडैयप्पन यांनी घेतला. लॅब त्यांचीच, तिरुनेलवेलीतल्या वण्णारपेट्टैच्या त्या अरुंद रस्त्यावर गेली बावीस वर्षे पाटीवर त्यांचे नाव होते. पलीकडचे बोलणे ऐकताना त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“शेनबगम,” ते म्हणाले, “इकडे ये.”

शेनबगम अक्का तिथली सर्वांत जुनी तंत्रज्ञ. सकाळच्या पाळीचे सारे नमुने तिच्या हातून जात. हात पुसत ती आली.

“तेवीस नंबर. ती कॉलेजातली मुलगी, तापासाठी आलेली. तिचं पोटॅशियम तू सात पॉइंट एक पाठवलंस. तिचे डॉक्टर म्हणतात, पोरगी माझ्यासमोर बसून बिस्किटं खातेय, आणि तुमच्या रिपोर्टप्रमाणे तिचं हृदय मघाशीच बंद पडायला हवं होतं. त्यांनी दुसरीकडे तपासून घेतलं. चार पॉइंट दोन!”

“सर, मी प्रत्येक नाव दोनदा वाचते.”

“दोनदा वाचून हे? तीन महिन्यांतली तिसरी तक्रार. तिन्ही तुझ्या पाळीतल्या. बाकीचे एकदासुद्धा वाचत नाहीत, त्यांचं बरं चुकत नाही! चष्मा बदल, नाहीतर घरी बस.”

अक्काने मान खाली घातली. मुत्तूने डब्याचे झाकण लावले. काहीतरी बोलावे असे त्याला वाटले. पण त्याच्या मनात वाक्य तयार होईतो ते बोलायची वेळ निघून गेलेली असे, हा त्याचा जन्मापासूनचा अनुभव होता. आताही डॉक्टर आपल्या खोलीत गेले आणि दार लागले.

मुत्तू लॅबचा संगणकवाला. वय सव्वीस. छपाई, शाई, जळलेल्या वायरी, हरवलेल्या फाइली हे त्याचे राज्य. पण त्या राज्यात त्याने मनापासून घडवलेली गोष्ट एकच होती: दोन वर्षांपूर्वी लिहिलेली एक स्क्रिप्ट. लॅबमध्ये रक्तातले पोटॅशियमसारखे क्षार मोजणारे एक जुने यंत्र होते. त्याचे आकडे संगणकावर त्याच्याच खिडकीत उमटत, आणि रिपोर्टच्या प्रोग्रॅममध्ये ते कुणीतरी हाताने टिपावे लागत. मुत्तूच्या स्क्रिप्टने ते हात मोकळे केले. तिच्यात एक टायमर होता. दर तीन सेकंदांनी तो यंत्राच्या खिडकीत डोकावे, नवा आकडा दिसला तर उचलून ठेवे, आणि उचललेला आकडा पुन्हा उचलत नसे. दुसरे काम रिपोर्ट भरण्याचे: पहिल्या पानावर साखर, युरिया वगैरे, दुसऱ्या पानावर टायमरने उचलून ठेवलेले क्षार.

ही दोन कामे एकाच हाताने व्हायची. स्क्रिप्टला दुसरा हात नसतो. टायमरची वेळ झाली की चालू काम जिथल्या तिथे गोठते, टायमर आपले काम उरकतो, आणि मग गोठलेले काम पुढे सरकते. मध्ये कुणी येऊन गेले हे त्याला कळतही नाही. मुत्तूला हे फार जवळचे वाटे. कुणी मध्येच हाक मारली की त्याच्याही मनातला विचार असाच अर्ध्यावर तुटे, आणि परत आल्यावर तो विचार तोच राहिला आहे की कुणी बदलून ठेवला, हे त्याला सांगता येत नसे. म्हणून रिपोर्ट भरणाऱ्या कामाच्या अगदी वर त्याने एक ओळ लिहिली होती. तिचा अर्थ इतकाच: हे काम संपेपर्यंत कुणी मध्ये यायचे नाही. टायमरने उंबऱ्यावर थांबायचे. ती ओळ लिहिली त्या दिवशी तो फार समाधानाने घरी गेला होता.

आता तो अक्काजवळ गेला. ती नळ्यांचा ट्रे उगाचच सरळ करत होती.

“अक्का.”

“बोल. नाहीतर तुझ्या तोंडात नेहमीसारखा पोंगल भरलेला असेल, तर जा.”

“ते सात पॉइंट एक हवेतून नाही आलं.”

तिने वर पाहिले.

“यंत्रानं मोजल्याशिवाय आकडा येतच नाही. म्हणजे ते कुणाचं तरी आहे. आज सकाळी इथे रक्त देऊन गेलेल्या कुणाचं तरी.”

अक्काचे ओठ किंचित उघडले. पोटॅशियम सातच्या वर गेलेला माणूस म्हणजे काय, हे तिला मुत्तूहून अधिक ठाऊक होते. असा माणूस तिरुनेलवेलीत कुठेतरी, चांगल्या रिपोर्टच्या भरवशावर, दुपारचे जेवत बसला होता.

“मुरुगा!” ती म्हणाली. “शोध. आधी शोध.”

मुत्तू संगणकासमोर बसला. जुने नमुने लावून त्याने रिपोर्ट भरून पाहिला. बरोबर. पुन्हा भरला. बरोबर. वीस वेळा, तीस वेळा. त्याची बोटे भराभर चालत होती, आणि दर वेळी आकडे शहाण्या मुलांसारखे आपापल्या जागी जाऊन बसत होते. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला. चूक समोर असती तर तो तिच्याशी झुंजला असता. पण ही चूक दाराआड दबा धरून बसणारी होती, तो पाहू लागला की लपणारी.

“बाकीच्यांचं चुकत नाही,” तो स्वतःशी पुटपुटला. मग एकदम वळला. “अक्का, तुम्ही बसा. सकाळी भरलंत अगदी तसंच भरा. मी बघतोय म्हणून घाई करू नका.”

अक्का बसली. पहिले पान झाले. पडद्याच्या मधोमध एक चौकट उघडली: पुढचे पान भरायचे? ही चौकट मुत्तूने तिच्याच सांगण्यावरून घातली होती. बाकीचे तंत्रज्ञ ती दिसताच बटण दाबून मोकळे होत. तिच्यात काय लिहिले आहे हेही त्यांच्यापैकी कुणी सांगू शकले नसते. अक्काने बटण दाबले नाही. तिने चष्मा डोळ्यांवर ओढला, ट्रेमधून नळी उचलली, तिच्यावरचे नाव तोंडाने वाचले, मग अर्जावरचे नाव वाचले, मग पुन्हा नळीवरचे. तेवढ्या वेळात यंत्राने ‘टिक’ केले. पुढची नळी त्यात आधीच चढली होती.

आणि मुत्तूने पाहिले: उघड्या चौकटीमागे आकडे बदलले.

कुठलाही आवाज झाला नाही. उचललेले आकडे दाखवणाऱ्या त्या लहानशा पट्टीत एक संख्या पुसली गेली आणि दुसरी येऊन बसली, इतकेच. अक्काने समाधानाने नळी खाली ठेवली, बटण दाबले, आणि एका माणसाच्या रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर दुसऱ्याचे रक्त उतरले.

तेव्हा त्याला ते वाक्य आठवले. त्या भाषेच्या माहितीपुस्तिकेत, त्याच्या लाडक्या ओळीच्या वर्णनाखाली, बारीक अक्षरांत होते. त्याने ते वाचले होते. वाचून पुढे गेला होता. ‘कुणी मध्ये यायचे नाही’ हा हुकूम, पडद्यावर प्रश्नाची चौकट उघडी असताना, लागू राहत नाही. माणूस उत्तर देईपर्यंत दार आपोआप उघडे होते, आणि उंबऱ्यावर थांबलेला टायमर आत येतो. आकडे आधी खिशात टाकून मगच प्रश्न विचारायला हवा होता. किंवा प्रश्न विचारण्याआधी टायमर बंदच करायला हवा होता. दोन ओळींचे काम. चौकट घातली त्या संध्याकाळी त्याला घरी जायची घाई होती.

जो निष्काळजीपणे बटण दाबी त्याचे कधी चुकत नव्हते. जी थांबून नाव वाचत होती, तिचेच चुकत होते.

“अक्का, आज सकाळी शेवटी काही अडलं होतं?”

“एकतीस नंबरला क्षार आलेच नाहीत. मला वाटलं यंत्र रुसलं. मी खिडकीत बघून हातानं भरले, मग यंत्र धुतलं. का?”

“म्हणजे तेवीसला चोविसाचे गेले, चोविसाला पंचविसाचे, असे एकेक पायरी सरकत सगळे. एकतीसला उरलेच नाहीत.” तो फ्रिजकडे वळला. “चोवीसची नळी काढा.”

फ्रिजमधून नळी आली. यंत्राने आपली सुई तिच्यात बुडवून आत ओढली. पाऊण मिनिट लागते. तेवढ्यात अक्काने चोवीसचा अर्ज काढून ठेवला. सात पॉइंट एक.

अर्जावर अक्काच्याच वळणदार अक्षरात लिहिले होते: काजा मैदीन, वय ६१, पत्तमडै. रिपोर्टवर छापले होते: पोटॅशियम चार पॉइंट चार.

डॉक्टरांच्या खोलीचे दार मुत्तूने न वाजवता उघडले. आयुष्यात पहिल्यांदाच. डॉक्टरांनी सारे ऐकून घेतले. मध्येच ते उठून उभे राहिले.

“फोन लाव!”

“लावला, सर. नंबर मुलाचा आहे. तो सौदीत, दम्माममध्ये कामाला. रिपोर्टही त्यालाच गेलाय. फोन बंद.”

“ज्यांनी पाठवलं ते डॉक्टर?”

“पाचला दवाखाना उघडतात. तोवर उचलत नाहीत.”

“पत्ता?”

“पत्तमडै. एवढंच.”

“पत्तमडैत काजा मैदीन!” डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. “तिथे दगड फेकला तर मैदीनलाच लागतो. शेनबगम, हे सगळं तू...”

“सर, अक्कांची चूक नाही,” मुत्तू म्हणाला. आपला आवाज इतका मोठा आहे हे त्याला ठाऊक नव्हते. “माझ्या स्क्रिप्टची आहे. म्हणजे माझीच. मी जातो.”

अक्काने तो नवा आकडा कागदावर छापला, सही केली, आणि घडी करून त्याच्या खिशात कोंबला. “बाकीच्या सात नळ्या मी बघते. तू नीघ, तंबी,” धाकट्या भावाला हाक मारावी तशी ती म्हणाली. “आणि तिथे तोंड उघड. तुला शपथ आहे.”

पत्तमडैकडे जाणारा चेरन्महादेवीचा रस्ता भर दुपारी तापलेल्या तव्यासारखा होता. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, मध्ये मध्ये नदीच्या कालव्याचे लखलखणारे पाणी, आणि मुत्तूच्या मोटारसायकलीचा काटा कधी नव्हे तो सत्तरीवर. वाऱ्यात त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि ते वाऱ्यामुळेच आहे असे त्याने स्वतःला सांगितले. मनात एकच विचार फिरत होता. रिपोर्ट चांगला आला की घरचे काय करतात? थकलेल्या माणसाला काय देतात? त्याची आजी तापातून उठली तेव्हा त्यानेच तिच्यासाठी शहाळे फोडून आणले होते. अशक्त माणसाला सारे गाव शहाळेच पाजते. आणि ज्याचे मूत्रपिंड क्षार बाहेर टाकू शकत नाही, त्याच्यासाठी पोटॅशियमने भरलेले ते गोड पाणी म्हणजे विष.

पत्तमडैत तो शिरला तेव्हा तीनला पाच कमी होते. चटया विणणाऱ्यांचे गाव. अंगणांतून रंगवलेल्या लव्हाळ्याच्या जुड्या वाळत घातलेल्या, आणि माणूस मात्र एकही बाहेर नाही. चहाच्या टपरीवर एक म्हातारा पेंगत होता.

“ऐय्या, काजा मैदीन कुठे राहतात?”

“कुठला? चटईवाला, बसवाला, की लंगडा?”

“रक्त तपासायला गेले होते सकाळी.”

“रक्त कपाळावर लिहिलेलं असतं होय? मशिदीत विचार.”

मशिदीच्या ओट्यावर मोदीनार, बांग देणारे उंच, कृश गृहस्थ, दुपारनंतरच्या अस्राच्या नमाजासाठी हौदात पाणी भरत होते. मुत्तूने चप्पल काढली आणि सांगायला सुरुवात केली. शब्द एकमेकांवर आदळत होते. मोदीनारांनी हात वर केला.

“सावकाश, तंबी. काय झालंय?”

“ते मरतील,” मुत्तू म्हणाला. “त्यांना शहाळं दिलं तर मरतील. रिपोर्ट चुकीचा गेलाय.”

मोदीनारांनी त्याचा दंड धरून त्याला बाजूच्या लहान खोलीत नेले, भोंग्याचे बटण दाबले, घसा साफ करून गावाला सलाम केला, आणि माइक त्याच्यापुढे धरला.

“मी?”

“मी चुकीचं सांगितलं तर? तुलाच ठाऊक आहे काय सांगायचं ते. बोल.”

शाळेत कविता म्हणायला उभे केले तेव्हा रडलेला, मालकाच्या दारावर टकटक करायलाही दहा मिनिटे घेणारा इसक्कीमुत्तू त्या जाळीदार माइककडे पाहत होता. त्याच्या प्रत्येक न बोललेल्या वाक्याचे ओझे जणू त्याच्या जिभेवर येऊन बसले होते. मग तो बोलला. आवाज फाटका होता, पण साऱ्या गावावर पसरला.

“आज सकाळी तिरुनेलवेलीला रक्त देऊन आलेल्या काजा मैदीन ऐय्यांच्या घरच्यांसाठी. रिपोर्ट चुकीचा आहे. त्यांना शहाळं देऊ नका. केळं देऊ नका. काहीच देऊ नका. त्यांना झोपवून ठेवा आणि कुणीतरी मशिदीत धावत या. कृपा करून धावत या.”

तो पुन्हा बोलला. तिसऱ्यांदा बोलताना त्याला हुंदका आला, आणि तोही भोंग्यातून गेला.

आधी एक धडधाकट काजा मैदीन स्वतःच आला, लुंगी सावरत, भांबावलेला. “मी? मला काय झालंय?” मोदीनारांनी त्याला गप्प केले. मग गल्लीच्या तोंडाशी एक बाई दिसली. अनवाणी, डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरलेला. ती मैमून, काजा मैदीनची मुलगी.

“वाप्पांनी अर्धं प्यायलंय,” ती लांबूनच ओरडली. “अर्धं! मी ऐकलं आणि हातातनं ओढून घेतलं. पाय जड झालेत म्हणतात. काय झालंय वाप्पांना?”

पुढचे सारे मुत्तूला तुकड्यातुकड्यांनीच आठवले. अंधाऱ्या खोलीत चटईवर पडलेला एक रुंद खांद्यांचा म्हातारा. उशाशी लवंडलेले शहाळे. “रिपोर्ट चांगला आला असं पोरानं कळवलं ना, मग ही पळापळ कशाला?” असे म्हणून हसण्याचा त्याने केलेला प्रयत्न. बसवाल्या मैदीनची गाडी. मागच्या बाकावर बापाचे डोके मांडीवर घेऊन बसलेली मैमून, आणि मोटारसायकल तिथेच सोडून पुढे बसलेला तो. चेरन्महादेवीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरणीने मुत्तूच्या खिशातला कागद उलगडून पाहिला, हृदयाचा आलेख काढला, आणि त्या उंच टोकदार रेषा पाहताच तिने परिचारिकेला नावाने हाक मारली. शिरेतून काहीतरी पाण्यासारखे औषध हळूहळू आत गेले. मग रुग्णवाहिका, पाळैयंकोट्टैचे मोठे रुग्णालय, काचेचे दार, आणि दाराबाहेरचा लोखंडी बाक.

बाकावर मैमून त्याच्या शेजारी बसली. तिच्या पायांवर रस्त्याची धूळ होती.

“आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या,” ती म्हणाली. “अल्लानंच तुम्हाला पाठवलं, तंबी. कुठल्या जन्माचा भाऊ म्हणायचा? तुम्ही त्या लॅबचे डॉक्टर ना?”

“नाही.”

“मग?”

इथे गप्प राहता आले असते. कुणालाही कळले नसते. काचेपलीकडे हिरव्या पडद्यावर एक रेषा उसळत आणि पडत होती, आणि ती तशीच उसळत राहील की नाही हे अजून कुणालाच ठाऊक नव्हते.

“तो रिपोर्ट ज्यानं बिघडवला, तो मी,” मुत्तू म्हणाला. “मी एक स्क्रिप्ट लिहिली होती. तिच्यात एक दार उघडं राहिलं. तुमच्या वाप्पांचे आकडे दुसऱ्याला गेले, दुसऱ्याचे त्यांना आले. कुणाचीच नाही, माझी चूक. शहाळं तुम्ही पाजलंत ते माझ्या कागदावर विश्वास ठेवून.”

मैमून उठली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. तिने पदराने चेहरा झाकला नाही, रडलीही नाही. नुसती काचेकडे बघत राहिली. मुत्तूने आपले हात गुडघ्यांवर ठेवले. उठून जावे असे त्याच्या मनात आले नाही, आणि बसून राहण्याचा आपल्याला अधिकार आहे असेही वाटले नाही.

सहाच्या सुमारास परिचारिका बाहेर आली. हातात कागद होता.

“काजा मैदीन यांच्याकडचे कोण? दुसऱ्यांदा रक्त तपासलं. पाच पॉइंट आठ. उतरतंय.”

मैमूनने कागद घेतला. दोन्ही हातांत धरून वाचला, पुन्हा वाचला. तिच्या खांद्यांतला ताण किंचित सैलावल्यासारखा झाला, आणि तिथेच अडला. ती उठून मुत्तूसमोर आली.

“हे वाप्पांचंच आहे?” तिने विचारले. टोमणा नव्हता. खरोखरच तिला ठाऊक नव्हते, आणि विचारण्यासारखे दुसरे कुणी जवळ नव्हते.

मुत्तूने कागद पाहिला. नाव बरोबर होते. वय बरोबर होते. नाव तर सकाळच्या त्या चुकीच्या रिपोर्टवरही बरोबरच होते.

“थांबा,” तो म्हणाला, “मी नळी बघून येतो.” आणि तो रक्त तपासणीच्या खिडकीकडे निघाला.